सुखोईत हवेतच इंधन भरतात ते नेमकं कसं? आणि टँकर आग्र्याला का?

विमाननगरवाला:
आम्ही लोहगाव विमानतळाजवळ राहतो, त्यामुळे सुखोईचा आवाज रोजचाच. परवा मुलाने विचारलं, बाबा याच्यात उडता उडताच इंधन भरतात ना, ते कसं? मला धड सांगता येईना. तेल भरणारी इल्युशिन-७८ विमानं, म्हणजे टँकर, आग्र्याला असतात एवढंच वाचलंय, मग पुण्याच्या विमानांना त्यांचा काय उपयोग? आणि सुखोईत साडेनऊ टनांच्या आसपास इंधन बसतं म्हणे, ते पुरत नाही का?

ग्राउंडक्रू_रिटायर्ड:
मी वायुदलात होतो, काही वर्षं आग्र्याला काढली. ७८ स्क्वाड्रन तिथलंच, २००३ ला उभं राहिलं, विमानं सगळी मिळून सहा. टँकर पुण्यात असायची गरजच नसते, आकाशात एक जागा ठरते, टँकर तिथे घिरट्या घालतो आणि फायटर तिथे येतात. आग्र्याहून ग्वाल्हेर शंभरेक किलोमीटर, पश्चिम सीमाही टप्प्यात. बालाकोटच्या हवाई हल्ल्याच्या रात्री मिराज फायटर ग्वाल्हेरहून उठली आणि टँकर आग्र्याहून.
आता कसं भरतात ते. टँकरच्या दोन्ही पंखांखाली एकेक आणि मागे अंगाला एक असे तीन पाइप, पाइपच्या टोकाला बास्केट, दिसायला बॅडमिंटनच्या फुलासारखी. सुखोईच्या नाकाजवळ डावीकडे नळी असते ती बाहेर काढायची आणि मागून, थोडं खालून, टँकरपेक्षा माणूस चालतो तेवढ्याच जास्त वेगाने पुढे सरकायचं. पण फायटर जवळ आला की त्याच्याच नाकासमोरची हवा बास्केटला बाजूला ढकलते, म्हणून नवीन पायलटला पहिली ताकीद हीच की बास्केटच्या मागे धावू नकोस, नजर टँकरवर ठेव. सुटताना सरळ मागे यायचं.

तेजसप्रेमी:
इंधन पुरत नाही असं नाही, खरा प्रश्न वजनाचा आहे. बॉम्ब-मिसाइल भरपूर लावले की पूर्ण टाकी घेऊन उठता येत नाही, लेहसारख्या उंचावरच्या धावपट्टीवर हवा विरळ म्हणून तर अजूनच कमी. मग टाकी अर्धवट ठेवून उठायचं आणि वर जाऊन भरून घ्यायची. तेजसने सप्टेंबर २०१८ मध्ये पहिल्यांदा इल्युशिनकडून इंधन घेतलं, २०,००० फुटांवर, १९०० किलो, तो दिवस आम्ही कधी विसरणार नाही.

मडगावकार:
गोव्यात आयएनएस हंसा या नौदलाच्या तळावर मिग-२९के फायटर आहेत त्यांनाही अशीच नळी आहे, शिवाय एक मिग दुसऱ्या मिगला इंधन देऊ शकतं. पण तिथल्याच पी-८आय या टेहळणी विमानाला इल्युशिनचा उपयोग नाही, त्याला पाइपऐवजी टँकरमधून येणारा अमेरिकन पद्धतीचा ताठ दांडा लागतो. वायुदलाच्या मालवाहू सी-१७ चंही तेच.

ग्राउंडक्रू_रिटायर्ड:
बरोबर. आणि एवढ्या मोठ्या देशाला सहा टँकर खूप कमी आहेत हो, त्यातलं एखादं दुरुस्तीला गेलं की लगेच जाणवतं. मार्च २०२५ मध्ये एक केसी-१३५ हा अमेरिकन टँकर भाड्याने घ्यायचा करार झाला, तो पायलटच्या सरावासाठी. फायटरचे फोटो सगळे काढतात, टँकरवाल्यांचं नाव कोणी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. २००८ ला आपली सुखोई रेड फ्लॅग या हवाई युद्धसरावाला अमेरिकेपर्यंत गेली तेव्हा हेच टँकर सोबत होते.

विमाननगरवाला:
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलाला फूल आणि नळी लगेच कळलं, आता विचारतोय रात्रीच्या अंधारात बास्केट दिसते कशी?