बलून पंपात हेलियमच का भरतात?

काकांना अटॅक आला, आयसीयूत मांडीतून बलून पंप (हृदयाला मदत करणारा फुगा) टाकलाय, टेक्निशियन म्हणाला आत हेलियम असतो. जत्रेतल्या फुग्यातला?? साधी हवा नाही चालत का

> हो तोच. हलका असतो ना, लांब बारीक नळीतून झटकन आतबाहेर होतो, दर ठोक्याला फुगा भरून रिकामा करायचा म्हणजे वेळ असतोच किती. हृदय सैलावलं की फुगतो, ठोक्याच्या जस्ट आधी बसतो, मग हृदयाला जोर कमी लागतो

> फुगा हृदयात नसतो बरं का, महाधमनीत (हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी) असतो. हृदयातूनच रक्त ओढतो तो इम्पेला, तो वेगळा पंप

अच्छा. नर्स सारखी ओरडते पाय वाकवू नका

> बरोबरे, नळी मुडपते