छोटी दुर्बीण म्हणजे खेळणं? मग रोज गळ्यात काय अडकवायचं?

डोंगरवाट
काल इथे पक्षीनिरीक्षकांच्या फोरमवर एका नवख्या मुलीला ठासून सांगण्यात आलं की ८×४२ (म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं) पेक्षा लहान दुर्बीण घेणं म्हणजे पैसे पाण्यात. तिने विचारलं काय होतं? रोज सकाळी टेकडीवर फिरताना जवळ ठेवता येईल अशी दुर्बीण. ८×४२ चं वजन साडेसहाशे-सातशे ग्रॅम. चांगली ८×२५ तीनशे-साडेतीनशेत येते, घडी करून खिशात जाते. पुण्याच्या वेताळ टेकडीवर ऊन आलं की डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरवर येते. ८×२५ मधून डोळ्याकडे येणारा झोत तीन मिलिमीटरचा. मोठ्या दुर्बिणीतला जादा उजेड डोळ्यात शिरतच नाही, मग तो गळ्यात का वागवायचा?

पाणथळ
तो सल्ला माझा, आणि आजही तोच देईन. पक्षी तुमच्या उन्हाची वाट बघत थांबत नाहीत. भिगवणला पहाटे होडी निघते तेव्हा पट्टकादंब हंस नुसते काळे ठिपके असतात. ४२ चं भिंग २५ च्या पावणेतीन पट उजेड गोळा करतं, फरक तिथे कळतो. शिवाय छोट्या दुर्बिणीत डोळा जरा हलला की कडेने काळोख येतो. नवखा माणूस कंटाळतो आणि नाद सोडतो.

खाडीकाठ
वजनावरून भांडताय, चष्म्याचं कोणीच बोलत नाही. माझ्या आईला दुकानदाराने १०×२५ गळ्यात मारली, ‘जास्त जवळ दिसतं’ म्हणून. दहापटीत हाताची थरथरही दहापट. तांबट पक्षी एका जागी बसलेला, आईला तो सारखा उडताना दिसायचा. आय रिलीफ, म्हणजे पूर्ण चित्र दिसताना डोळा भिंगापासून जितका लांब ठेवता येतो ते अंतर, इतका कमी की चष्म्यावरून मधलं वाटोळंच दिसायचं. चष्मा असेल तर पंधरा मिलिमीटरच्या खाली बघूच नका, आणि आयकप (डोळ्याकडच्या भिंगाभोवतीची रबरी कड) आत ढकलून वापरा. आठपटच घ्या.

गवताळ
दुर्बीण कुठलीही घ्या, सिंहगडाच्या दरीत उभं राहायला जागा कुठे आहे? कॅमेऱ्यांना हातभर लेन्सा लावून रांग बसलेली असते. नवरंग पक्ष्याच्या विणीच्या दिवसांत मोबाइलवर त्याचाच आवाज लावतात. बिचारा दुसरा नर आला समजून अंडी-पिल्लं सोडून धावत येतो. मागच्या पावसाळ्यात मी एकाला बंद करायला सांगितलं, तर ‘जंगल तुमच्या बापाचं का’ असं ऐकवलं.

खाडीकाठ
सगळ्या कॅमेरेवाल्यांना एका माळेत ओवू नका. मीही फोटो काढतो, आवाज कधी लावत नाही. शिवडीच्या चिखलात रोहितांना (फ्लेमिंगोंना) उठवायला दगड मारणारे मी पाहिलेत, त्यांच्या हातात कॅमेरा नव्हता.

गवताळ
तुम्ही लावत नसाल. शेजारचा लावतो तेव्हा त्याला अडवता का? नाही ना? आलेला पक्षी तुम्हीही टिपून घेताच. मग वेगळे कसे?

खाडीकाठ
मी काय टिपतो ते तुम्हाला घरबसल्या दिसतं का? ओळख ना देख, आरोप कसले करता?

डोंगरवाट
हे भांडण वेगळ्या धाग्यावर न्या. त्या मुलीला अजून उत्तर मिळालेलं नाही. पावसाळ्याचंही बघा. दुर्बीण नायट्रोजन भरलेली, पाणी न शिरणारी नसेल तर लोहगडावरच्या धुक्यात आतून वाफ धरते. ओली तशीच पिशवीत ठेवली तर भिंगावर बुरशीची जाळी येते, तिथे ४२ असो वा २५. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका.

पाणथळ
वाफेचं बरोबर. आणि भर उन्हात टेकडीपुरती छोटी चालेल, तेवढं मान्य. पण एकच घ्यायची असेल तर ८×३२. वजन मधलं, झोत चार मिलिमीटरचा, संध्याकाळीही निभावते. २५ ला माझं मत नाही ते नाहीच.

डोंगरवाट
३२ म्हणजे ४२ पेक्षा लहानच ना? मग काल ‘पैसे पाण्यात’ कशाला लिहिलंत? आधी तिच्या धाग्यावर जाऊन ते बदला. ती आज संध्याकाळी दुकानात जाणार आहे.