एकाच फ्लॅटचे दोन मूल्यांकन अहवाल, फरक ३८ लाखांचा. ग्राह्य कोणता धरायचा?

वाटणीकर

नमस्कार मंडळी. कोथरूडमधला फ्लॅट आहे. १९९८ चा पूर्णत्वाचा दाखला, चार मजली इमारत, दुसरा मजला, लिफ्ट आहे. वडिलांच्या पश्चात तीन भावंडांच्या नावे झालाय. एकाने फ्लॅट ठेवायचा आणि बाकी दोघांना हिश्श्याचे पैसे द्यायचे, इथवर एकमत आहे. किमतीवर गाडी अडली आहे.

अहवाल अ: क्षेत्र १,०२५ चौ. फूट 'सेलेबल', दर १३,००० रुपये, म्हणजे १,३३,२५,०००. वर पार्किंगचे ४ लाख. एकूण १,३७,२५,०००. दराचा आधार 'स्थानिक चौकशीनुसार', बास.

अहवाल ब: प्रत्यक्ष मोजलेलं कार्पेट (आतलं वापराचं क्षेत्र) ६४० चौ. फूट, दर १५,५००, म्हणजे ९९,२०,०००. खाली आणखी दोन आकडे: 'रिअलायझेबल' (विकल्यास हाती येईल ती) ८९,२८,००० आणि 'डिस्ट्रेस' (घाईच्या विक्रीची) ७९,३६,०००. सूची क्र. २ च्या (नोंदणीकृत दस्ताचा सरकारी सारांश) तीन प्रती जोडल्या आहेत.

फरक ३८,०५,०००, म्हणजे दर हिश्श्यामागे पावणेतेरा लाखांच्या आसपास. दोघेही नोंदणीकृत व्हॅल्युअर, दोघांचे शिक्के व्यवस्थित. खरेदीच्या कराराची मूळ प्रत आहे, त्यात 'बिल्टअप ८२० चौ. फूट' (म्हणजे भिंती धरून) लिहिलंय. दोन्हींची सरासरी काढून मोकळं व्हावं असा एक सूर निघतोय. ते बरोबर होईल का? आणि अहवाल चांगला की वाईट हे आपल्यासारख्याने कशावरून ठरवायचं?

मोजपट्टी

सरासरी आत्ता अजिबात नको. आधी दोन्ही दर एकाच मापावर आणा.

तुमच्याकडे तीन क्षेत्रं आहेत: कार्पेट ६४०, बिल्टअप ८२०, सेलेबल १,०२५. १,०२५ म्हणजे ८२० वर २५ टक्के लोडिंग. जिना, लिफ्ट, पॅसेज यांचा वाटा धरून बिल्डर सांगायचे तो आकडा. त्याला कायदेशीर व्याख्या कधीच नव्हती, बिल्डरगणिक तो बदलायचा. रेराच्या कायद्याने कार्पेटची व्याख्या पक्की केली: आतल्या पार्टिशनच्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट, स्वतंत्र बाल्कनी आणि टेरेस सोडायचे. १९९८ च्या करारावर ही व्याख्या मागे जाऊन बसवता येत नाही. म्हणून ब मधलं ६४० नेमकं कसं मोजलं, बंद केलेली बाल्कनी त्यात आहे का, हे स्केचवर दिसायला हवं.

अ चा दर बिल्टअपवर आणला तर १३,००० × १.२५ = १६,२५०. ब ने १५,५०० हा दर कार्पेटला लावलाय. माझा संशय असा की हा दर मुळात बिल्टअपचा असावा. जोडलेल्या सूचीतले आकडे इथे टाकता का? क्षेत्र, मोबदला आणि क्षेत्रापुढे लिहिलेला शब्द. नावं आणि दस्त क्रमांक वगळा.

वाटणीकर

टाकतो. तिन्ही गेल्या वर्षभरातले, त्याच रस्त्यावरचे, साधारण त्याच वयाच्या इमारतींतले:

७४.३२ चौ. मी., मोबदला १,२४,००,०००
६९.६८ चौ. मी., मोबदला १,१४,००,०००
८३.६१ चौ. मी., मोबदला १,४२,२०,०००

तिन्हींत क्षेत्रापुढे 'बिल्टअप' लिहिलंय.

मोजपट्टी

सापडलं. १ चौ. मी. म्हणजे १०.७६४ चौ. फूट. तिन्ही क्षेत्रं अनुक्रमे ८००, ७५० आणि ९०० चौ. फूट होतात. दर १५,५००, १५,२०० आणि १५,८००, सरासरी १५,५००. म्हणजे ब ने बिल्टअपचा दर काढला आणि कार्पेटने गुणला. ८२० ने गुणला असता तर १,२७,१०,००० आले असते. पार्किंग बाजूला ठेवलं तर अ शी फरक उरतो ६,१५,०००, पाच टक्क्यांच्या आत. दोन व्हॅल्युअरमध्ये एवढा फरक अगदी रास्त आहे.

मात्र ८२० वरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ६४० वरून ८२० म्हणजे २८ टक्के वाढ. मुद्रांक विभागाची जुनी पद्धत कार्पेटवर २० टक्के धरून बिल्टअप काढायची, त्या हिशेबाने ७६८ येतं आणि किंमत १,१९,०४,०००. करारातल्या ८२० मध्ये जिन्याचा वाटा किंवा टेरेस घुसलेलं असू शकतं. महापालिकेचा मंजूर नकाशा काढा, त्यावर फ्लॅटनिहाय क्षेत्र मिळतं. तुलनेतले फ्लॅट त्याच काळातले असल्याने त्यांच्या बिल्टअपमध्येही असंच काही मिसळलेलं असेल, तेव्हा ८२० धरणं सरसकट चूक ठरत नाही. पण व्हॅल्युअरने हे लिहायला हवं होतं.

सूची_वाचक

वरच्या हिशेबाला जोड. सूची क्र. २ कशी वाचायची हे लोकांना सांगितलंच जात नाही. रकाना १ मध्ये विलेखाचा प्रकार, २ मध्ये मोबदला, ३ मध्ये बाजारभाव, ५ मध्ये क्षेत्रफळ, ९ आणि १० मध्ये दस्त केल्याची व नोंदणीची तारीख. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकून कुणालाही शोधता येतं. त्यामुळे 'व्यवहार मिळाले नाहीत' ही सबब कोथरूडसाठी चालणारच नाही.

रकाना १ आधी बघा. बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र असेल तर तो बाजारातला व्यवहार नाही. मग २ आणि ३ शेजारी ठेवा. मोबदला आणि बाजारभाव रुपयापर्यंत जुळत असतील तर सावध व्हा. तो दस्त रेडी रेकनर (मुद्रांक शुल्कासाठीचे सरकारी दर) बघून बेतलेला असण्याची शक्यता दाट. तुमचे तिन्ही मोबदले अशा दृष्टीने तपासून घ्या. रकाना ४ मधला मिळकतीचा मजकूर पूर्ण वाचा, पार्किंग किंवा टेरेस मोबदल्यात धरलंय का ते तिथे कळतं. तीनपैकी दोन दस्तांत पार्किंग धरलेलं असेल तर १५,५०० च्या दरात पार्किंगची किंमत आलीच. मग अ सारखे वेगळे ४ लाख जोडणं म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे. शिवाय स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधली) जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटलेलं आहे, तेव्हा पार्किंगचा हक्क सोसायटीच्या वाटपातून आलाय की आणखी कशातून, हे कागदावर लागतं.

दुसरी गोष्ट, ब ने तिन्ही दरांची सरळ सरासरी काढली. हे आळशी काम आहे. मजला, लिफ्ट, दिशा, रस्त्यापासूनचं अंतर, आतली स्थिती, व्यवहाराची तारीख, प्रत्येकासाठी वर-खाली फेरफार करून मगच दर ठरवायचा असतो. लिफ्ट नसलेल्या इमारतीतला चौथा मजला आणि तुमचा लिफ्टचा दुसरा मजला एका तागडीत बसत नाहीत. फेरफार किती टक्के आणि का, याचं कोष्टक अहवालात हवं. आणि एखाद्या व्यवहाराला एकूण २५ टक्क्यांवर फेरफार करावा लागत असेल तर तो तुलनेचा व्यवहारच नव्हे, दुसरा शोधा.

तरी एक सांगतो. ब ची चूक दहा मिनिटांत पकडता आली, कारण त्याने कागद जोडले. अ चा आकडा कदाचित जास्त जवळचा असेल, पण 'स्थानिक चौकशी' म्हणजे कुठल्या एजंटाने चहा पिताना सांगितलेला दर, हे तपासणार कसं?

बांधकाम_खातं

क्षेत्र आणि दर झाले, आता इमारत. दोन चुका वारंवार दिसतात.

पहिली घसाऱ्याची. आरसीसी इमारतीचं आयुष्य ६० वर्षं आणि शेवटी १० टक्के भंगारमूल्य धरलं तर २७ वर्षांच्या इमारतीचा घसारा ०.९ × २७ ÷ ६० = ४०.५ टक्के. हा फक्त बांधकाम खर्चावर लावायचा. जमिनीला घसारा नसतो. कोथरूडसारख्या ठिकाणी फ्लॅटच्या किमतीत जमिनीचा वाटा मोठा, म्हणून संपूर्ण दरावर ४० टक्के कापले की आकडा हास्यास्पद होतो. आणि तुलनेचे व्यवहार त्याच वयाच्या इमारतींतले असतील तर वय त्या दरात आधीच आलंय, पुन्हा कापायचं कारणच नाही.

दुसरी पुनर्विकासाची. 'रिडेव्हलपमेंटला जाणार आहे' म्हणून दर फुगवण्याआधी तीन गोष्टी विचारा. सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण (जमीन-इमारतीची मालकी बिल्डरकडून सोसायटीकडे) झालंय का, निदान मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरने करून न दिल्यास सरकारी आदेशाने होणारं)? समोरचा रस्ता किती रुंद? ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) आणि प्रीमियम एफएसआयचा (पैसे भरून मिळणारं जादा बांधकाम) मार्ग जवळपास बंदच असतो, मग बिल्डरला गणित बसत नाही. आणि सर्वसाधारण सभेत नेमकं काय ठरलंय? शक्यता असेल तर ती बाजारभावात थोडीफार उतरलेली असतेच. वेगळा आकडा जोडायचा तर ठराव किंवा बिल्डरची लेखी ऑफर दाखवा.

जागेवर कोण गेलं होतं हेही बघा. व्हॅल्युअर स्वतः, की साइटवर पाठवलेला मुलगा? पाहणीची तारीख, फोटो, ओल, सळ्या उघड्या पडल्यात का, मंजूर नकाशाशी तफावत, हे सगळं यायला हवं. हॉलला जोडलेली बाल्कनी मंजूर नकाशात उघडी असेल तर ते क्षेत्र खोलीच्या दराने धरता येत नाही. नदीकाठच्या मिळकतीला निळी-लाल पूररेषा, टेकडीलगत बीडीपी (जैवविविधता उद्यानाचं आरक्षण), शनिवारवाड्याच्या आसपास संरक्षित स्मारकाची १०० मीटर मनाई, हे तुम्हाला लागू नाही. पण पुण्यातल्या अहवालात या बाबी तपासल्याचा उल्लेखच नसेल तर तो छापील साच्यातून निघालाय असं खुशाल समजा.

नियमावली

शिक्क्यांबद्दल विचारलंत म्हणून. 'नोंदणीकृत व्हॅल्युअर' दोन तऱ्हेचे असतात. एक संपत्तीकर कायद्याच्या कलम ३४एबी खालचे, प्राप्तिकराच्या कामाचे. दुसरे कंपनी कायदा २०१३ च्या कलम २४७ आणि २०१७ च्या नियमांखालचे, ज्यांची नोंदणी आयबीबीआय (केंद्राचं नादारी व दिवाळखोरी मंडळ) करते. यांचे तीन वर्ग आहेत: जमीन व इमारत, यंत्रसामग्री, रोखे व वित्तीय मालमत्ता. फ्लॅटला पहिलाच वर्ग चालतो, यादी आयबीबीआयच्या संकेतस्थळावर आहे. बँकेच्या पॅनेलवर असणं ही तिसरीच बाब, ती त्या बँकेपुरती.

घरगुती वाटणीला यातलं काहीच सक्तीचं नाही. पण २०१७ च्या नियमांतला नियम ८ फूटपट्टी म्हणून वापरा. अहवालात काय काय हवं ते तिथे दिलंय: कोणी आणि कशासाठी नेमलं, व्हॅल्युअरचा हितसंबंध आहे का, नेमणुकीची, मूल्यांकनाची आणि अहवालाची अशा तीन वेगळ्या तारखा, केलेली पाहणी, माहितीचे स्रोत, वापरलेली पद्धत व मानक, वापरावरच्या मर्यादा, निष्कर्ष. त्याच नियमांच्या आचारसंहितेत सोयीचं मूल्यांकन करून देण्यास आणि यशावर अवलंबून फी घेण्यास मनाई आहे, आणि कामाच्या नोंदी किमान तीन वर्षं जपायच्या आहेत. तेव्हा 'आता कागद नाहीत' हे उत्तर चालणार नाही.

ब हा कर्जाच्या साच्यातला अहवाल आहे. ९० आणि ८० टक्के हे आकडे बँकेला वसुलीच्या वेळी लागतात. तुमच्याकडे कोणी घाईने विकत नाहीये, म्हणून ते दोन्ही बाजूला ठेवा. बाजारमूल्य म्हणजे राजीखुशीचा विक्रेता आणि राजीखुशीचा ग्राहक, दोघांना माहिती पुरेशी, सक्ती कुणावर नाही आणि मिळकत पुरेसा काळ बाजारात दाखवलेली. वाटणीला हाच पाया योग्य.

तळेगावकर

रेडी रेकनर धरून विषय संपवला तर? सरकारी दर, भांडण नको.

नियमावली

तो मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी आहे. विभागवार एकच दर असतो, त्याला तुमच्या इमारतीची स्थिती ठाऊक नसते. पडताळा म्हणून शेजारी ठेवा, किंमत म्हणून नको. तिघांनी लेखी मान्य केला तर कोण अडवणार, पण मग मूल्यांकन करायचंच कशाला?

एक जोडमुद्दा: फ्लॅट २००१ च्या आधीचा आहे. पुढे विकलात तर भांडवली नफ्यासाठी १ एप्रिल २००१ चं मूल्य लागेल, आणि ते त्या तारखेच्या मुद्रांक मूल्याच्या वर धरता येत नाही. त्याचा अहवाल वेगळा करायचा. आजच्या अहवालातून मागे टक्के कापत जाऊन तो आकडा काढू नये.

मोजपट्टी

वाटणीकर, आता करायचं एवढंच. तिघांच्या सहीने दोन्ही व्हॅल्युअरना एकच पत्र पाठवा. अ ला विचारा: १३,००० चा दर कुठल्या दस्तांवरून, मूल्यांकनाची तारीख कोणती, पार्किंग वेगळं का जोडलं. ब ला विचारा: बिल्टअपचा दर कार्पेटला का लावला, फेरफाराचं कोष्टक कुठे आहे, ६४० चं स्केच द्या. सोबत मंजूर नकाशाची प्रत आणि १९९८ चा करार जोडा, मूल्यांकनाची तारीख तुम्हीच ठरवून द्या. ब ने सुधारित अहवाल दिला तर जुना मागे घेतल्याचं त्यात लिहून घ्या, नाहीतर उद्या कुणीतरी ७९ लाखांचा कागद पुढे करेल. अ कडून दस्त आले नाहीत तर तो अहवाल हिशेबातून काढा आणि तिघांनी मिळून नवा माणूस नेमा, फी तिघांत विभागून, रक्कम आधीच ठरवून.

वाटणीकर

पत्राचा मसुदा आज रात्री करतो. मंजूर नकाशासाठी सोसायटीच्या सचिवांना फोन केलाय, त्यांच्याकडे ब्लूप्रिंट आहे म्हणतात.