तिसरीतली लेक, हातच्याची वजाबाकी आणि जोडाक्षरं

तिसरीची आई
रोज संध्याकाळी पाऊण तास लेकीला घेऊन बसते. वीस वजाबाक्या घातल्या की बारा-तेरा चुकलेल्या. ५२ − ३८ = २६! हातचा दहादा समजावला. मान डोलावते आणि पुन्हा २६ लिहिते. वाचनाचं तर विचारूच नका. चित्राकडे बघून अंदाजपंचे ठोकून देते, 'कर्म'चं 'क्रम' करते. काल माझा आवाज चढला, तर वही मिटून म्हणाली, "मला गणित येत नाही, तुला माहितेय ना." तेव्हापासून मला चैन नाही. शिकवणी लावू, की आणखी वेळ देऊ?

पाटीपेन्सिल
आणखी वेळ? अहो, पाऊण तासच जास्त होतोय. पंधरा मिनिटं पुरे, आणि वीसऐवजी चार गणितं. (एकतीस वर्षं पहिली ते चौथीला शिकवलंय, तेव्हा जरा अधिकारवाणीने बोलते, राग मानू नका.)

ते २६ नीट बघा. दशकात ५ मधून ३ गेले, २ उरले. एककात २ मधून ८ जात नाहीत, म्हणून तिने ८ मधून २ काढले, ६ उरले. म्हणजे 'मोठ्यातून लहान वजा करायचं' हा नियम ती इमानाने पाळतेय. वीस वेळा करून घेतलंत तर तो चुकीचा नियमच पक्का होणार.

दोन-तीन दिवस वही बंद. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधा. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या तिच्याकडे द्या आणि म्हणा, "मला अडतीस दे." तीन गठ्ठे झटकन देईल, आठ सुट्या देताना अडेल. तिथे तुम्ही गप्प बसायचं. रबर तिनेच सोडवायला हवं. तुम्ही सोडवलंत तर सगळं मुसळ केरात.

रात्रपाळी
बाईंशी सहमत. आमच्याकडे वेगळीच गंमत होती. 'त्रेपन्न' म्हटलं की चिरंजीव ३५ लिहायचे. त्याचं तरी काय चुकलं? त्रेपन्नात तीन आधी ऐकू येतात, पन्नास नंतर. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' असं संख्यावाचन आणलं तेव्हा मीही त्याची टिंगल केली होती. आता घरी दोन्ही बोलतो, 'त्रेपन्न, पन्नास तीन'. उलटापालट बरीच कमी झाली.

वाचनासाठी एक युक्ती सांगतो. मी त्याला वाचून दाखवताना मुद्दाम चुकतो. मला पकडायच्या नादात तो अक्षर न् अक्षर बघतो.

पाटीपेन्सिल
हे झकास! कर्म-क्रमाचं राहिलंच होतं. रफार बसतो 'म'च्या डोक्यावर, पण म्हणायचा 'म'च्या आधी. डोळा आणि जीभ यांची चुकामूक होते. फोड करून दाखवा: क, र्, म. शेजारी क्, र, म. दोन्ही सावकाश म्हणायला लावा. पहिल्या वेलांटीचंही तसंच, लिहायची आधी आणि म्हणायची नंतर.

रोज नवा धडा नको. एकच उतारा तीन-चार दिवस वाचू दे. अडली की लगेच शब्द सांगू नका, मनात पाचपर्यंत मोजा.

तिसरीची आई
काड्या नव्हत्या, म्हणून कान कोरायच्या काड्यांचे गठ्ठे केले. आठ सुट्या मागितल्यावर ती दोन मिनिटं नुसती बघत बसली. मी ओठ दाबून गप्प. मग हळूच म्हणाली, "एक फोडू का?" फोडला. माझ्या हातात अडतीस मोजून दिल्या, उरलेल्या स्वतः मोजल्या. चौदा.

मग कालची वही तिनेच उघडली आणि विचारलं, "मग हे सव्वीस कुठून आलं होतं?"