इंटरपोलवर खटला भरता येतो का? यजमान देशातलं कायदेशीर कवच नेमकं कुठपर्यंत?

पारिजात:
जाणकारांकडून नेमकी माहिती हवी आहे. प्रकरण साधारण असं: आखातातल्या एका देशात नोकरी करून परतलेला भारतीय माणूस. तिथला चेक न वटल्यावरून त्याच्या नावाने इंटरपोलची रेड नोटीस (हव्या असलेल्या माणसाला शोधून तात्पुरतं अडवा, अशी देशोदेशींच्या पोलिसांना विनंती) निघाली. पुढे तिसऱ्याच देशाच्या विमानतळावर त्याला अडवलं, काही दिवस कोठडीतही ठेवलं. नंतर नोटीस रद्द झाली. आता नुकसानभरपाई मागायची तर कोणाकडे? इंटरपोलचं मुख्यालय फ्रान्समध्ये लिओंला आहे, म्हणजे दावा तिथे? की भारतात? 'इंटरपोलला सगळीकडे इम्युनिटी आहे', म्हणजे खटल्यापासून कायदेशीर कवच आहे, असं दोन वकिलांनी सांगितलं, पण ती कुठल्या कायद्याने मिळाली ते कोणीच सांगितलं नाही. आणि युरोपोललाही (युरोपीय संघाची पोलीस-सहकार्य संस्था) तेच लागू होतं का?

सह्यकडा:
'सगळीकडे' हा शब्द आधी काढून टाका. संयुक्त राष्ट्रांसाठी १९४६ चा एक सर्वसाधारण करार आहे, तो देशांनी मान्य केला आणि संयुक्त राष्ट्रांना त्या कराराचं कवच मिळालं. इंटरपोलचं तसं नाही. १९५६ ची तिची घटना पोलीस प्रतिनिधींच्या सभेने मंजूर केली. नेहमीच्या आंतरराष्ट्रीय करारासारख्या सरकारांच्या सह्या आणि संसदांची मान्यता असा प्रकार तिथे झालाच नाही. त्यामुळे इंटरपोलला कवच मिळतं ते देशागणिक वेगवेगळं: एक तर त्या देशाने करार केलेला असतो, नाही तर स्वतःच्या कायद्याखाली अधिसूचना काढलेली असते. दोन्ही नसेल तर प्रश्न खुला राहतो.

फ्रान्सशी पहिला मुख्यालय करार १९७२ चा, दुसरा १९८२ चा, आणि सध्या चालू आहे तो २००८ मध्ये सही होऊन २००९ पासून लागू झालेला. १९८२ च्या करारामागचं कारण तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेलं आहे. १९७८ मध्ये फ्रान्सने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. तो लागू झाला असता तर जगभरच्या पोलिसांनी पाठवलेल्या फायली फ्रेंच नियामकाला उघडता आल्या असत्या, आणि मग देशांनी माहिती पाठवणंच थांबवलं असतं. तडजोड अशी निघाली की इंटरपोलचे अभिलेख अभेद्य राहतील, पण त्या बदल्यात फायली तपासणारं एक स्वतंत्र मंडळ नेमायचं. आजचा फायलींवरचा नियंत्रण आयोग, म्हणजे सीसीएफ, तिथूनच आला.

म्हणून लिओंच्या न्यायालयात साधा दिवाणी दावा लावला तर तो पहिल्याच पायरीवर अडकतो. २००८ च्या करारात खाजगी पक्षाशी होणाऱ्या वादासाठी हेगच्या स्थायी लवाद न्यायालयाच्या नियमांनुसार लवादाची सोय आहे. इंटरपोलचे माजी अध्यक्ष मंग होंगवेई यांच्या पत्नीने २०१९ मध्ये तोच मार्ग धरला होता. पण लवाद फुकट नसतो, खर्चाची आगाऊ रक्कम पक्षकारांनी भरायची असते. चेकच्या प्रकरणातल्या माणसाला ते झेपेल का, हे आधी बघा.

अमेरिकेचा इतिहास मात्र प्रत्येक वकिलाने वाचावा असा आहे. १९८१ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने, भलत्याच माणसाला गुन्हेगाराचं टोपणनाव चिकटवल्याच्या प्रकरणात, इंटरपोलवर खटला चालू शकतो असं ठरवलं. लगेच १९८३ मध्ये रेगन यांनी आदेश काढून १९४५ च्या आंतरराष्ट्रीय संघटनांच्या कायद्याचं कवच इंटरपोलला दिलं. मात्र मालमत्तेची झडती आणि अभिलेख यांचं संरक्षण त्यातून वगळलं होतं. ते डिसेंबर २००९ मध्ये ओबामांनी दिलं. बराच गदारोळ झाला तेव्हा, पण खटल्यापासूनचं संरक्षण १९८३ पासूनच होतं, हे त्या वादात बहुतेकांच्या नजरेतून सुटलं.

पुढे २०१९ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याखालच्या संघटनांचं कवच परदेशी सरकारांइतकंच आहे, त्याहून जास्त नाही असं म्हटलं. ते प्रकरण आपल्या गुजरातच्या मुंद्रा किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचं होतं, जागतिक बँक गटातल्या आयएफसीविरुद्ध. कवच व्यापारी व्यवहारांपुरतं पातळ झालं, पण मच्छीमारांना त्याचा उपयोग झाला नाही. खालच्या न्यायालयात परत गेलेला दावा 'मूळ कृत्य भारतातलं' म्हणून बाद झाला. आणि २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने, संयुक्त अरब अमिरातीच्या विनंतीवरून निघालेल्या नोटिशीच्या प्रकरणात, इंटरपोलचं कवच कायम ठेवलं. 'फ्रान्सशी लवाद मान्य केला म्हणजे कवच सोडलं' हा युक्तिवादही फेटाळला. तुमचं प्रकरण जवळजवळ तेच आहे, तेव्हा अमेरिकेचा विचार सोडा.

उंबरठा:
सह्यकडा यांनी संघटनेची बाजू नीट मांडली आहे. माझा मुद्दा वेगळा: ज्याने त्या माणसाला कोठडीत टाकलं, त्याला यातलं कुठलंच कवच नाही.

इंटरपोलचा शिपाई कोणाच्या दंडाला हात लावत नाही. अटक करतो तो त्या देशाचा पोलीस, त्या देशाच्या कायद्याखाली. प्रत्येक सदस्य देशात एक राष्ट्रीय केंद्रीय ब्युरो असतो, एनसीबी (अमली पदार्थवालं एनसीबी नव्हे). आपल्याकडे ते काम दिल्लीत सीबीआय बघते. ही माणसं सीबीआयच्या पगारावर असतात, इंटरपोलच्या नाही. त्यांच्या कृतीला भारतीय संविधान लागू होतं आणि अनुच्छेद २२६ खाली रिट उच्च न्यायालयात चालते.

भारतापुरता पाया २००९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा आहे, ज्यात महाराष्ट्र शासन प्रतिवादी होतं. रेड नोटीस म्हणजे वॉरंट नव्हे, तेवढ्यावर अटक नाही, हे तिथे ठरलं. अटक करायची तर प्रत्यर्पण कायदा १९६२ च्या मार्गाने. कलम ३४ ब खाली तातडीची तात्पुरती अटक होऊ शकते, पण दंडाधिकाऱ्याच्या वॉरंटने, आणि ६० दिवसांत रीतसर मागणी आली नाही तर सोडावं लागतं. पोलीस ठाण्यात नुसता नोटिशीचा प्रिंटआउट दाखवून कोणाला बसवून ठेवलं असेल तर याच निकालावर बोट ठेवा.

भारतात एखाद्या आंतरराष्ट्रीय संघटनेला कवच आहे का, हे तपासायची जागा म्हणजे संयुक्त राष्ट्रे (विशेषाधिकार व संरक्षण) अधिनियम १९४७, कलम ३. केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून तो कायदा इतर संघटनांना लावतं. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्थेला असंच कवच मिळालं आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. वकिलांनी 'इम्युनिटी आहे' म्हटलं तर अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख मागा. अधिसूचनेचे शब्दही वाचा, कारण सगळी कलमं लावली आहेत की निवडक, त्यावरच सगळं ठरतं. एखाद्या परिषदेपुरता केलेला यजमान करार, जसा दिल्लीत ऑक्टोबर २०२२ मध्ये इंटरपोलची आमसभा भरली तेव्हा लागतो, तो वेगळा. त्याचा सहसा परिषदेला आलेल्यांशी आणि परिषदेच्या काळाशी संबंध असतो.

एक खबरदारी: माहिती अधिकारात अर्ज टाकून सीबीआयकडून नोटिशीची कागदपत्रं मिळतील या भरवशावर राहू नका. २०११ पासून सीबीआय कलम २४ च्या अपवादात आहे. भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कांच्या उल्लंघनाचा आरोप असेल तरच दार किलकिलं होतं, त्यामुळे अर्जात उल्लंघनाची तारीख, ठिकाण, कोठडीचा काळ स्पष्ट लिहा.

पारिजात:
म्हणजे अडवलं त्या देशाच्या पोलिसांविरुद्ध तिथेच दावा, हे समजलं. पण नोटीस जिवंत असताना काय करायचं? सीसीएफकडे अर्ज नेमका कसा करतात?

लेखणी:
सीसीएफचा सध्याचा कायदा मार्च २०१७ पासून लागू आहे. अर्जाला शुल्क नाही. अर्ज इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश किंवा अरबी भाषेतच. मराठी-हिंदी कागद असतील तर भाषांतर जोडा. सही केलेला अर्ज, ओळखपत्राची प्रत, वकील पाठवत असेल तर मुखत्यारपत्र. मुखत्यारपत्र विसरल्याने अर्ज लटकतात, हे फार सामान्य आहे.

दोन वेगळ्या मागण्या असतात. 'माझ्याबद्दल काय आहे ते सांगा' याला अर्ज ग्राह्य धरल्यापासून ४ महिने, 'काढून टाका' याला ९ महिने. हातात काहीच कागद नसेल तर आधी पहिली मागणी करा, पण एक लक्षात ठेवा: ज्या देशाने माहिती दिली तो नकार देऊ शकतो आणि मग तुम्हाला अपुरं उत्तर मिळतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अर्जात निर्दोषपणा सिद्ध करत बसणं. सीसीएफ फौजदारी न्यायालय नाही. ती एवढंच बघते की माहिती इंटरपोलच्या नियमांत बसते का. चेकच्या प्रकरणात धरायचा धागा म्हणजे माहिती प्रक्रियेच्या नियमांतलं कलम ८३: खाजगी वादातून उद्भवलेल्या गुन्ह्यांवर सहसा रेड नोटीस काढता येत नाही, आणि खटल्यासाठी हवा असलेल्या माणसाच्या बाबतीत गुन्ह्याची कमाल शिक्षा निदान २ वर्षांची असावी लागते. कर्जाचा करार, बँकेशी झालेला पत्रव्यवहार, हप्त्यांच्या पावत्या जोडून हा वाद कर्जवसुलीचा आहे हे दाखवा. अमिरातीचा चेक असेल तर आणखी एक: जानेवारी २०२२ पासून तिथे निव्वळ पैसे नसल्याने न वटलेला चेक बहुतांशी फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. राजकीय वा धार्मिक रंग असेल तर इंटरपोलच्या घटनेचं कलम ३. उगाच सगळी कलमं एकदम ओतू नका, खरा मुद्दा गाडला जातो.

सीसीएफ भरपाई देत नाही. माहिती दुरुस्त करणं, रोखणं, काढून टाकणं, एवढंच. निर्णय संघटनेवर बंधनकारक आणि अंतिम. नवा पुरावा सापडला तर ६ महिन्यांत फेरविचार मागता येतो.

सह्यकडा:
युरोपोलचं राहिलं. तिथली रचना वेगळी आणि, माझ्या मते, पीडितासाठी कितीतरी बरी. कर्मचाऱ्यांना युरोपीय संघाच्या ७ क्रमांकाच्या प्रोटोकॉलचं संरक्षण आहे, पण संयुक्त तपास पथकात काम करताना ते लागू होत नाही. आणि २०१६ च्या युरोपोल नियमावलीच्या कलम ५० खाली बेकायदा माहिती हाताळणीची भरपाई मागता येते. मार्च २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने एका स्लोव्हाक प्रकरणात, फोनमधले खाजगी संदेश बाहेर फुटल्याबद्दल, युरोपोल आणि सदस्य देश संयुक्तपणे जबाबदार ठरवले. कोणाच्या हातून फुटले हे अर्जदाराने सिद्ध करायची गरज नाही, हा त्यातला मोलाचा भाग. रक्कम २,००० युरोच होती, पण तत्त्व पक्कं झालं.

नदीकाठ:
व्यक्तीच्या कवचाबद्दल एक गैरसमज दूर करायचा होता. इंटरपोलच्या कर्मचाऱ्याला फ्रान्समध्ये जे मिळतं ते अधिकृत कामापुरतं, आणि स्वतःच्या देशासमोर ते सहसा कामी येत नाही. दक्षिण आफ्रिकेचे जॅकी सेलेबी इंटरपोलचे अध्यक्ष होते. २००८ मध्ये पायउतार झाले आणि २०१० मध्ये त्यांच्याच देशाच्या न्यायालयाने भ्रष्टाचाराबद्दल १५ वर्षांची शिक्षा दिली. मंग यांना २०२० मध्ये चीनने साडेतेरा वर्षांची दिली. कर्मचाऱ्याचा नोकरीचा वाद असेल तर तो जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जातो, लिओंच्या कामगार न्यायालयात नाही.

लेखणी:
पारिजात, एक सांगायचं राहिलं. नोटीस काढून टाकली तरी देशोदेशींच्या स्थानिक यंत्रणेत उतरवून घेतलेल्या नोंदी आपोआप पुसल्या जात नाहीत. इंटरपोल सगळ्या ब्युरोंना कळवतं, पण सीमेवरच्या संगणकात जुनी नोंद राहू शकते. सीसीएफच्या निर्णयाचं पत्र प्रवासात मूळ प्रतीसह जवळ ठेवा. ज्या देशाने अडवलं होतं तिथल्या ब्युरोला वकिलामार्फत नोंद काढल्याची खात्री मागा. भारतात लुकआउट परिपत्रक (विमानतळावर वा सीमेवर अडवायची आपल्याच यंत्रणांची सूचना) निघालं असेल तर ते पूर्णपणे वेगळं आहे. ते ज्या यंत्रणेने काढायला लावलं तिच्याकडेच अर्ज करावा लागेल, सीसीएफच्या पत्राने ते हटत नाही.