सिस्टीम सिक्युरिटी शिकायची आहे, सुरुवात कुठून करू?

सांगलीकर_टीई
मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इलेक्टिव्हला सिक्युरिटी घेतलीय, पण वर्गात डीईएस आणि आरएसए या सांकेतिकीकरणाच्या (एन्क्रिप्शन) पद्धतींची गणितंच चालू आहेत. सर्व्हर नेमका फुटतो कसा, ते कुठंच कळत नाही. एथिकल हॅकिंगचं सर्टिफिकेट करू का? पुढे एमटेकचा विचार आहे.

खडकवासला
सर्टिफिकेटचं नंतर बघ. एमआयटीच्या ‘कॉम्प्युटर सिस्टम्स सिक्युरिटी’ची (६.८५८) २०१४ ची लेक्चर्स ओपनकोर्सवेअरवर फुकट आहेत. मी एमटेकला असताना तीच लावून बसायचे. पहिलं लेक्चर थ्रेट मॉडेलवर आहे: काय वाचवायचंय, कोणापासून, आणि हल्लेखोराच्या हातात काय काय आहे असं धरायचं. ते गाळू नकोस.

पण खरा विषय लॅबमध्ये आहे. झूबार नावाची छोटी वेबसाइट देतात. आधी तिचा सीमधला वेबसर्व्हर बफर ओव्हरफ्लोनं, म्हणजे ठरलेल्या जागेत मावणार नाही इतका डेटा ओतून, फोडायचा. पुढच्या लॅबमध्ये त्याच साइटचे भाग सुटे करायचे. पासवर्ड सांभाळणारी प्रोसेस वेगळ्या यूजर आयडीखाली गेली, की बाकीची साइट फुटली तरी पासवर्डच्या डेटाबेसला हात लागत नाही. स्वतः फोडलेलं स्वतःच सावरायचं, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

तोवर हे करून बघ. सीमध्ये ६४ बाइटचा अ‍ॅरे घे आणि त्यात स्ट्रकॉपीनं (जागा किती ते न बघता स्ट्रिंग उतरवणारं फंक्शन) लांबलचक स्ट्रिंग ओत. स्टॅक प्रोटेक्टर (ओव्हरफ्लो पकडणारी कंपायलरची सोय) आणि ऑप्टिमायझेशन बंद ठेवून कंपाइल कर, जीडीबी या डीबगरमध्ये चालव. स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत, क्रम असा: ६४ बाइट अ‍ॅरेचे, बहुधा लगेच ८ बाइट जुन्या बेस पॉइंटरचे, त्यापुढे रिटर्न अ‍ॅड्रेस (फंक्शन संपल्यावर कुठं परतायचं तो पत्ता). कॅपिटल ‘ए’ भरलेस तर स्टॅकवर ४१ ४१ ४१ (‘ए’चा हेक्स कोड) अशी रांग दिसेल आणि फंक्शन परतताना प्रोग्राम कोसळेल. मग प्रोटेक्टर चालू कर. आता मधली कॅनरी (रिटर्न अ‍ॅड्रेसच्या आधी ठेवलेली खुणेची संख्या) बिघडलेली बघून प्रोग्राम स्वतःच थांबतो. लिनक्सवर त्या कॅनरीचा एक बाइट मुद्दाम शून्य असतो. स्ट्रकॉपी शून्यापाशी थांबते, त्यामुळे कॅनरी माहीत असली तरी ती जशीच्या तशी लिहून पुढे सरकता येत नाही. किती विचार केलाय बघ!

मुळाकाठ
आरएसए वाया जात नाही रे, पण तुझी तक्रार रास्त आहे. २०१४ चा हार्टब्लीड आठव, ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतला दोष. गणित बरोबरच होतं. ओपनएसएसएलनं समोरच्यानं सांगितलेली लांबी तपासली नाही आणि मेमरीतला मजकूर बाहेर गेला.

आणि सराव स्वतःच्या व्हर्च्युअल मशीनवरच कर. कॉलेजच्या पोर्टलला परवानगीशिवाय हात लावायचा नाही. आयटी कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

सांगलीकर_टीई
ताई, असेंब्ली अजिबात येत नाही. अडेल का?

खडकवासला
सुरुवातीला नाही अडणार. मूव्ह, पुश, पॉप, कॉल, रेट एवढ्या सूचना वाचता आल्या की स्टॅक कळतो. बाकीच्या लागतील तशा बघ. भारतीय वळणाचं इंग्रजी बरं वाटत असेल तर आयआयटी मद्रासचा ‘सिक्युअर सिस्टम्स इंजिनिअरिंग’ हा कोर्स एनपीटीईएलवर (आयआयटींचे ऑनलाइन कोर्स असतात ती साइट) आहे. जीडीबीत अडलास तर स्टॅकचा डंप इथं टाक, मी बघते.