सभासदत्वावर कार्यकारी मंडळाचा अधिकार किती असावा? घटना दुरुस्तीसाठी सल्ला हवा (सोलापूर)

कसब्यातली_वाचक:
आमचं वाचनालय 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंदलेलं आहे. संस्थेच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, सभासदत्वाबद्दल एकच ओळ आहे: सभासद घेणे वा कमी करणे हा कार्यकारी मंडळाचा अधिकार राहील. तेवढ्यावर यंदा निवडणुकीआधी कॉलेजच्या मुलांचे अर्ज कपाटात पडून राहिले. हिशेबावर प्रश्न विचारणाऱ्या दोन आजीव सभासदांना 'संस्थाविरोधी वर्तन' असं पत्र देऊन कमी केलं. त्यातले एक काका गिरणीत कामाला होते तेव्हापासून इथे पुस्तकं बदलायला येतात. फार वाईट वाटलं. वार्षिक सभेत घटना दुरुस्ती मांडायची आहे. त्यात काय असावं? आणि वकील कसा बघावा?

माजी_चिटणीस:
ताई, मंडळाचा अधिकार सगळा काढून घेऊ नका. रोजचे अर्ज त्यांनीच बघायचे. मात्र ठरावीक मुदतीत निर्णय द्यायचा, नाकारला तर कारण लेखी द्यायचं, आणि अर्जदाराला सर्वसाधारण सभेकडे दाद मागता आली पाहिजे. काढून टाकण्याचा शेवटचा शब्द सभेचाच ठेवा. तो विषय नोटिशीत छापलेला असावा, 'ऐनवेळचे विषय' म्हणून घेता येणार नाही असं स्पष्ट लिहा. मतदार कोण हे उमेदवारच ठरवू लागले तर निवडणुकीला अर्थ काय उरला?

विजापूर_रोडकर:
दुसरी बाजूही बघा की ओ. आमच्या मंडळात निवडणुकीच्या तोंडावर एकाच माणसाने वर्गणी भरून गठ्ठ्याने सभासद केले होते. म्हणून मतदार यादी गोठवण्याची तारीख घटनेतच घाला. त्यानंतर आलेल्यांना पुस्तकं मिळतील, मत पुढच्या वेळी.

वकील_सोलापूर:
आधी धर्मादाय कार्यालयातून नोंदलेल्या घटनेची नक्कल काढा. पुष्कळदा संस्थेत वापरतात ती प्रत वेगळी निघते. दुरुस्तीची रीतही त्यातच असेल, तीच पाळा.

काकांबद्दल: टी. पी. दावर विरुद्ध लॉज व्हिक्टोरिया (1963) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की संस्थेच्या निर्णयावर न्यायालय अपील म्हणून बसत नाही, पण नियम पाळले का, बाजू मांडायची संधी दिली का आणि हेतू प्रामाणिक होता का, हे बघतं. आरोप न सांगता नुसतं पत्र दिलं असेल तर ते टिकणं कठीण.

एक धोका लक्षात ठेवा. 1860 च्या कायद्याच्या कलम 15 प्रमाणे वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली की मत जातं. त्यामुळे काही ठिकाणी मुद्दाम वर्गणीच घेत नाहीत. वार्षिक सभासदांची वर्गणी नाकारली तर डीडी स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. म्हणून दुरुस्तीत 'लेखी आठवणीनंतरच थकबाकीदार धरावे' हेही घाला.

कसब्यातली_वाचक:
सभेआधीच निवडणूक उरकली तर?

वकील_सोलापूर:
नव्या मंडळाला 1950 च्या कायद्याच्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे मंडळ बदलल्याची नोंद करण्याचा अर्ज, द्यावा लागतो. काकांनी तिथे हरकत घ्यावी, 'मतदार यादीतून मला बेकायदा वगळलं' हाच मुद्दा. वकील असे बदल अर्ज रोज चालवणाराच बघा. काकांचं पत्र, पाकीट आणि जुन्या पावत्या आजच एका फाईलला लावा.